नदीला दिलेलं कापड

माझ्या दादावर कधी खटला चालला नाही. हे कुणाला सांगितलं की लोक म्हणतात, "मग बरंच झालं की." अशा वेळी मला त्यांच्या अंगावर खेकसावंसं वाटतं. खटला चालला असता तर कधी ना कधी एखाद्या न्यायाधीशानं तोंड उघडून म्हटलं असतं, की हा माणूस निर्दोष आहे. दादाला नुसतं धरून नेलं, काही दिवस ठेवून घेतलं, मारलं, आणि पुरावा मिळत नाही म्हणून सोडून दिलं. घरी आला तेव्हा त्याचा उजवा हात सुजलेला होता. पुढे बरेच दिवस त्याला कात्री धरता येत नव्हती.

आम्ही म्हैसूरचे शिंपी. इथं येऊन किती पिढ्या झाल्या ते विठ्ठलालाच ठाऊक. घरात मराठी बोलतो. पुण्याकडचा पाहुणा आला की तो ती ऐकून गालात हसतो. मग मी त्याला म्हणते, "हसा खुशाल, पण भात संपला तर याच मराठीत मागा." घराची पुढची खोली म्हणजे दुकान. वडील आणि दादा दोन मशिनींवर बसत. काम सगळं बायकांच्या ब्लाउजांचं, आणि त्यातही चांगलं गिऱ्हाईक बंगल्यांच्या वस्तीतलं. रुंद रस्ते, गुलमोहर, फाटकाशी गुरखा. कॉफीच्या मळ्यांचे मालक, मोठ्या हुद्द्यांवरून निवृत्त झालेले लोक, राजवाड्याशी जुनं येणं-जाणं असलेली घराणी. तिथल्या बायका शिंप्याच्या दुकानाची पायरी चढत नसत. शिंप्यानं जायचं, व्हरांड्यात उभं राहायचं, कापड आणि मापाचा जुना ब्लाउज घेऊन यायचं. दादाला ते आवडायचं. वस्तीत जाताना तो केसांना तेल लावून भांग पाडायचा आणि मी त्याला "आले महाराज" म्हणून चिडवायची.

राज्याचं नाव कर्नाटक झालं त्यानंतरच्या काही वर्षांतली गोष्ट. मी शाळेत होते. दसरा तोंडावर आला होता, म्हणजे आमच्याकडे जेवायलाही फुरसत नव्हती. त्या वस्तीत एक विधवा बाई एकट्याच राहत. मळ्यांचं घराणं, मुलगी शिकायला परदेशात. दुपारी दादा त्यांच्याकडून हिरव्या रेशमाचा तुकडा आणि मापाचा ब्लाउज घेऊन आला. संध्याकाळी त्यानं ते रेशीम बेतून कापलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फुलवालीनं दारातच सांगितलं, की त्या बाईंना घरातच कुणीतरी मारलं. दागिने जागच्या जागी होते. काहीच चोरीला गेलं नव्हतं.

आता आमच्या घरची रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यापाशीच अडलं. गिऱ्हाईक वारलं आणि कापड नुसतं आलेलं असेल, तर ते त्याच्या माणसांना परत द्यायचं. पण कात्री लागली असेल तर परत द्यायचं नाही, शिवायचं नाही, जाळायचंही नाही. आई म्हणायची, "कापलेलं कापड म्हणजे त्या माणसाचं अंगच की गे. मशिनीला लागू द्यायाचं नाही." ते वाहत्या पाण्याला द्यायचं, आणि तेही दिवस मावळायच्या आत. त्यातून आयुधपूजा जवळ आलेली. मशिनींना शेवंतीच्या माळा घालायच्या, कुंकू लावायचं, आणि त्याच खोलीत मेलेल्या बाईचं कापलेलं रेशीम ठेवायचं? आईच्या डोक्यात दुसरा विचार आलाच नाही. तिनं रेशमाचे तुकडे आणि, कापड त्याच्यावरूनच बेतलं म्हणून, मापाचा ब्लाउजही जुन्या धोतरात बांधला, बस पकडली आणि श्रीरंगपट्टणला जाऊन गाठोडं कावेरीला देऊन आली. तिथं आमच्या गल्लीतली एक बाई सासऱ्याच्या अस्थी घेऊन आली होती. दोघी बोलल्यासुद्धा.

संध्याकाळी पोलीस आले. बंगल्यातल्या स्वयंपाकिणीनं शिंप्याला आत येताना पाहिलं होतं, जाताना नाही. दादा म्हणाला, कापड आणायला गेलो होतो, बाईंनी स्वतः हातात दिलं. ते म्हणाले, दाखव. दाखवायला काही नव्हतं. मग गल्लीत विचारपूस झाली आणि त्या शेजारणीनं जे पाहिलं ते सांगितलं. तिचं तरी काय चुकलं? खुनाच्या दुसऱ्या दिवशी शिंप्याची आई कपड्यांचं गाठोडं नदीत सोडून येते. त्यात रक्ताचे कपडे असणार, दुसरं काय असणार? मी पोलीस असते तर मीही तेच म्हटलं असतं. हे मला आजही सहन होत नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. दादा परत आला, पण वस्तीतलं एकही गिऱ्हाईक परत आलं नाही. तिथल्या लोकांनी आपसांत ठरवूनच टाकलं असावं, की शिंप्यानंच केलं. त्यांना ते सोयीचंही होतं. नाहीतर दागिन्यांना हात न लावता जाणारा माणूस कोण, हा प्रश्न त्यांना आपापल्या जेवणाच्या टेबलावर घ्यावा लागला असता. दादाचं ठरत आलेलं लग्न मोडलं. वडील गेले. मी शिक्षिका झाले, लग्न करून दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेले. दादा एका मोठ्या दुकानाचे परकर शिवू लागला. परकराला माप घ्यावं लागत नाही, कुणाच्या घरी जावं लागत नाही. हळूहळू गल्लीही विसरली. नवी माणसं आली, त्यांना दादा म्हणजे परकर शिवणारा एक अबोल म्हातारा एवढंच ठाऊक. मला तेवढं पुरेसं वाटत होतं.

दादाला नव्हतं. त्याला भरपाई नको होती, माफी नको होती. फक्त त्या घरातल्या कुणीतरी एकदा म्हणावं, की तू नाही केलंस. असं तो कधी बोलला नव्हता. मला ते कळलं ती मुलगी परत आली तेव्हा.

मुलगी म्हणजे त्या बाईंची परदेशातली लेक. मधे तीसेक वर्षं गेली होती. तिनं वरपर्यंत अर्ज-विनंत्या करून आईच्या खुनाचा तपास पुन्हा उघडायला लावला आणि स्वतः म्हैसूरला येऊन राहिली. दादाला ही बातमी कळली त्या दिवशी तो मला सांगायला माझ्या घरापर्यंत चालत आला. मला आनंद व्हायला हवा होता. मला धडकीच भरली.

"सुम्ने रहा दादा," मी म्हटलं. "गप बैस. मेलेलं उकरून काय मिळणार?"

"अल्ला गे, तसं नव्हे. या वेळी नीट विचारतील की," तो म्हणाला. "त्या वेळी कुणी विचारलंच नाही. नुसतं मारलं."

नवे अधिकारी तरुण होते आणि खरंच नीट विचारत. आईला त्यांनी खुर्चीवर बसवलं आणि स्वतः स्टुलावर बसले. आई तोवर पुरती थकली होती, पण कापडाची रीत तिनं त्यांना कन्नडमध्ये अगदी सविस्तर सांगितली. नदीवर कुठल्या पायरीवर उभी होते तेही सांगितलं. त्यांनी मधेच तोडलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "अम्मा, ही रीत तुमच्या सगळ्या लोकांत आहे का?"

"हौदु, सगळ्यांत," आई म्हणाली. "देवळात विचारा की."

त्यांनी देवळात विचारलं. आमच्या समाजाच्या विठ्ठल मंदिराच्या समितीवर आता मोठमोठे लोक होते. कुणाची कापडाची शोरूम, कुणाचा मुलगा इंजिनिअर. त्यांच्यातल्या मुख्य गृहस्थांनी सांगितलं, की आमच्यात असलं काही नाही, म्हाताऱ्या बायकांच्या काहीतरी समजुती असतात. याच गृहस्थांच्या आईला मी लहानपणी आमच्या आईबरोबर असंच एक गाठोडं घेऊन बसनं नदीवर जाताना पाहिलंय. मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी मला सरबत दिलं आणि म्हणाले, "बघा, खुनाच्या भानगडीत समाजाचं नाव कशाला यायाला पाहिजे?" मी सरबत तसंच ठेवून आले. याहून जास्त काही करता आलं नाही. आईला हे सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं, पण तिला कुणीतरी सांगितलंच. नंतरच्या एकादशीला ती भजनाला गेली नाही. पुढेही कधी गेली नाही.

वस्तीतही काही निराळं घडलं नाही. अधिकारी एकदा वैतागून माझ्यापाशी बोलले. प्रत्येक बंगल्यात त्यांना बसवून घेत, चांदीच्या पेल्यातून कॉफी देत, मुलांच्या शिक्षणाची चौकशी करत. खुनाचं नाव काढलं की यजमान घड्याळाकडे बघत. फार झालं तर म्हणत, "तो शिंपी होता ना कोणीतरी?" स्वयंपाकीण वारली होती. बाईंचे एक नातलग त्या दुपारी बंगल्यात आले होते म्हणे, पण ते कुणी लिहून द्यायला तयार नव्हतं, आणि ते नातलगही आता हयात नव्हते.

इकडे आमच्या गल्लीत मात्र पोलिसांची जीप उभी राहत होती. जीप आली की पोरं गोळा होत, आणि पोरं गोळा झाली की बाया दारात येत. जे लोक विसरले होते त्यांना आठवलं आणि ज्यांना ठाऊकच नव्हतं त्यांनी विचारून घेतलं. माझ्या वर्गातल्या एका मुलानं मला भाबडेपणानं विचारलं, "मिस, तुमच्या दादानं खून केला होता का?" मी नाही म्हटलं. त्यानं मान डोलावली, पण त्याला पटलं नाही हे दिसत होतं. माझ्या लेकीच्या स्थळाकडून त्याच सुमाराला निरोप येणं थांबलं. दादाला मी यातलं काही सांगितलं नाही. तो अधिकाऱ्यांच्या वाटेकडे डोळे लावून, धुतलेला सदरा घालून बसलेला असे.

एक दिवस अधिकारी साध्या कपड्यांत आले. तपास परत बंद करावा लागणार होता. ते दादाला आदरानं म्हणाले, "यजमान्रे, मला पटलंय की तुम्ही नाही."

"मग तसं लिहा की, स्वामी," दादा म्हणाला.

"गुन्हेगार सापडला नाही, एवढंच मला लिहिता येतं. तुमच्यावर कधी आरोपच ठेवला नव्हता, तर तुम्हाला मोकळं कशातून करू?"

ते खोटं बोलत नव्हते आणि टाळतही नव्हते. त्यांच्यावर चिडता आलं असतं तर मला जरा बरं वाटलं असतं. दादानं त्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत पोहोचवलं.

मुलगी परत जाण्याआधी एकदा आमच्याकडे आली. भर दुपारी, एकटीच. केस आखूड कापलेले, त्यांत पांढरे बरेच. ती मला वाटली होती त्यापेक्षा वयस्क होती. गिऱ्हाइकांच्या बाकावर बसली. त्या घराण्यातलं कुणी त्या बाकावर बसल्याचं मी प्रथमच पाहत होते. म्हणाली, बंगला विकला. नातलगांनी तिला परत येऊ नकोस म्हणून सांगितलं होतं. आईला कुणी मारलं हे कळल्याशिवाय जावं लागतंय, म्हणाली, आणि रडू लागली. मी पाणी आणून दिलं. तिच्याबद्दल मला राग धरायचा होता. तो मला धरता येईना.

दादा मशीनवरून उठला. तिच्यासमोर उभा राहिला, हात समोर धरून, जसा पूर्वी व्हरांड्यात उभा राहत असेल तसा. कन्नडमध्ये म्हणाला, "अम्मा, एकच विचारतो. मीच केलं असं तुम्हाला वाटतं का?"

तिनं डोळे पुसले आणि त्याच्याकडे बघितलं. "नाही" म्हणून टाक ना, बाई, मी मनात म्हणत होते. खोटं का असेना, म्हण.

"नंगे गोत्तिल्ला, अण्णा," ती म्हणाली. मला माहीत नाही. "नाही म्हणायची फार इच्छा आहे. पण मला खरंच माहीत नाही."

"असू दे, अम्मा," दादा म्हणाला.

मी तिला कोपऱ्यापर्यंत सोडायला गेले. रिक्षा मिळाली. आत बसता बसता ती रिक्षावाल्याला म्हणाली, "स्टेशनला घ्या, अण्णा." त्याच मऊ आवाजात.

परत आले तर दादा मशीनशी बसला होता आणि त्याचा चेहरा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता इतका सैल झाला होता.

"ऐकलीस काय गे?" तो म्हणाला. "अण्णा म्हणाली मला. आईला मारणाऱ्या माणसाला कोण अण्णा म्हणेल, सांग?"

मी म्हटलं, "हो दादा, कोण म्हणेल?"