आत्याला नंबरचीच गाडी हवी

आयतं मिळणारं सुख नाकारून त्याच्या बदल्यात फॉर्म, रांग आणि परीक्षा मागून घेणारी बाई अख्ख्या नाशिक जिल्ह्यात एकच असेल, आणि ती माझी सख्खी आत्या आहे. माहेर चांदवडकडचं, सासर सटाण्याचं, आणि गेली पंचवीस वर्षं मुक्काम सातपूरच्या कॉलनीत. त्यामुळे मूड बरा असला की ती आमच्यासारखं बोलते आणि डोकं फिरलं की सासरची अहिराणी काढते. डोकं दिवसातून चार वेळा फिरतं. नाव नसलेल्या वस्तूवर तिचा विश्वासच नाही. वाटीपासून घागरीपर्यंत प्रत्येक भांड्यावर नाव कोरलेलं पाहिजे. एकदा मी कौतुकाने कोरा स्टीलचा डबा नेला, तर "बेवारस डब्यात माझे पापड ठेवू होय?" म्हणून तिने मला आल्या पावली दुकानात पिटाळलं. आता त्या भांड्यांवर नावं कुणाची? सासऱ्यांचं, नवऱ्याचं, मुलाचं, एका परातीवर तर नणंदेच्या नवऱ्याचं. तिचं स्वतःचं कुठेच नाही. हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नव्हतं, खोटं कशाला सांगू.

तर गेल्या वर्षी, साठी ओलांडल्यावर, या बाईने पापड-कुरडया घरोघर पोचवायला स्वतःच्या कमाईतून बॅटरीवरची स्कूटर घ्यायचं ठरवलं. सोबतीला मी. सेल्समन मोठा हुशार. त्याने आत्याचं वय बघून हळू चालणारी छोटी स्कूटर पुढे केली. "मावशी, हिला नोंदणी नाही, नंबर नाही, लायसन्स नाही. चार्ज करा आणि सुटा!" मी म्हटलं, वा, याहून काय पाहिजे! आत्याने गाडीभोवती चक्कर मारली, मागे जिथे नंबर असतो त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं आणि तिचं डोकं फिरलं. "कागद नही, नंबर नही, मंग हाई गाडी मनी शे हे कोन सांगी?" सेल्समन म्हणाला, गाडी तुमची आहे हे सांगायला बिल मिळेल ना. "बिल मिक्सरचंपण मिळतं!" शेवटी तिने मोठी, पळणारी, रीतसर नोंदणीची गाडी पसंत केली. मी समजावलं, "आत्या, हिला लायसन्स लागतं, परीक्षा द्यावी लागेल." तर म्हणे, "देईन की. तू दहावीची दोनदा दिलीस, मी एकदा देईन." हे चारचौघांत काढायची काही गरज होती का?

सेल्समनने फॉर्म माझ्यापुढे सरकवला. मालकाचं संपूर्ण नाव. मी पेन टेकवलं आणि अडकलो. माझे वडील तिला आक्का म्हणत, मी आत्या, कॉलनी पापडवाल्या काकू, आणि तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, गेली चाळीस वर्षं नुसतं "अगं ए". विचारलं, "आत्या, नाव काय लिहू?" एरवी तिने माझी सालटी काढली असती. तेव्हा मात्र "तुलाही माहीत नाही?" एवढंच म्हणाली आणि पिशवीतून आधार कार्ड काढून दिलं. लाज वाटली हो. बेचाळीस वर्षांचा घोडा मी!

मग महिनाभर कॉलनीच्या मैदानावर सराव. मागच्या सीटवर मी, जीव मुठीत धरून. गाडी आवाज करत नाही हे तिला मुळीच पसंत नव्हतं, आणि हॉर्न वाजवणं तिला उद्धटपणाचं वाटायचं. म्हणून ती स्वतःच "आली, आली, आली!" असं ओरडत चालवायची. क्रिकेटवाल्यांनी दोन दिवसांत मैदान सोडलं. मामा गॅलरीतून "अगं ए, ब्रेक!" म्हणून बोंबलायचे. परीक्षेला साहेबांनी आठचा आकडा काढायला सांगितला, वर "पाय टेकवू नका, आजी" अशी सूचना. तिने आठ काढला, थांबली आणि म्हणाली, "हा जरा वाकडा आला, थांबा, दुसरा काढते." साहेब नको नको म्हणेपर्यंत दुसराही झाला. पास!

हिरवी नंबरप्लेट लागली तरी आत्याचं समाधान होईना. तिला हवं होतं ते नोंदणीचं कार्ड, जे पोस्टाने यायचं होतं. शेती सासऱ्यांच्या नावावर, फ्लॅट मामांच्या, गॅससुद्धा मुलाच्या. "आधारवर काय, सगळ्यांचंच नाव असतं. मालक म्हणून माझं नाव पहिल्यांदाच येतंय," असं म्हणून ती दुपारची झोप सोडून दारात बसायची. आणि नेमकी ज्या दिवशी ती गच्चीवर पापड उलथायला गेली, त्या दिवशी पोस्टमन आला. मी पोचलो तेव्हा आत्या चहा टाकत होती आणि वीस वर्षांपासूनची शेजारीण मोठ्या उत्साहाने सांगत होती, "कुणाचं तरी पाकीट चुकून आपल्या गल्लीत आलं होतं. मी सांगितलं त्याला, या नावाचं इथे कुणी राहत नाही." आत्याने विचारलं, कुठलं नाव? शेजारणीने सांगितलं. आत्याच्या हातातली गाळणी खाली पडली. "अवं, ती मी शे! मी!"

पुढच्या दोन मिनिटांत आम्ही स्कूटरवर होतो. दोन गल्ल्या ओलांडून तिने पोस्टमनला गाठलं आणि त्याच्या सायकलला गाडी आडवी घातली. त्याने आधार कार्ड तपासलं, सही घेतली, पाकीट दिलं. परत येताना गाडी मला चालवायला दिली. मागे बसून पाकीट दोन्ही हातांनी धरलं होतं. "आत्या, फोड की." "घरी गेल्यावर." मग थोड्या वेळाने म्हणाली, "तुझ्या आजोबांनी ठेवलेलं नाव आहे रे ते. ते गेल्यापासून कुणी घेतलंच नव्हतं. आज त्या पोस्टमननं घेतलं."

मला भरून आलं. वाटलं, आत्ताच्या आत्ता तिला नावाने हाक मारावी. पण सख्ख्या आत्याला नावाने हाक मारायची म्हणजे थोबाडीत खायची तयारी हवी. मी आपली गाडी सावकाश घेतली. आणि बघा ना, एवढं सगळं लिहून झालं तरी मी आपला आत्या, आत्याच करत बसलोय. गिरजा. माझ्या आत्याचं नाव गिरजा आहे.