हिरव्या टिपणातला चौथा परिच्छेद

‘हे माझं वैयक्तिक मत आहे हं,’ असं म्हणून ते आधी डाव्या खांद्यावरून मागे बघायचे, मग उजव्या. मागे बहुतेक वेळा पाण्याचा कूलर असायचा. तरी बघायचे. ही सवय सायकल चालवणाऱ्याची की सरकारी नोकराची, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. ‘दोघांनाही मागून धोका असतो,’ म्हणाले आणि खुर्चीवरून उठून खिडकीशी गेले. बसून बोलणं त्यांना जमतच नसे.

दिल्लीतल्या एका मंत्रालयात ते कक्ष अधिकारी होते आणि मी त्यांच्यावर अवर सचिव. म्हणजे फाईल त्यांनी लिहायची आणि माझ्याकडे पाठवायची. वयाने ते माझ्याहून सतरा-अठरा वर्षांनी मोठे, मूळचे नागपूरचे, आणि योगायोग असा की मयूर विहारला आमच्याच सोसायटीत दोन मजले खाली राहायचे. ऑफिसात मला ‘मॅडम’ म्हणायचे आणि सोसायटीच्या फाटकातून आत आलं की ‘ताई’. मी दोन्हीकडे ‘सर’च म्हणायचे. बुद्धपौर्णिमेला त्यांच्याकडची खीर वर यायची, तेव्हा डब्यावर चिठ्ठी असायची : ‘वेलची जास्त झाली आहे. वैयक्तिक मत.’

तुमच्याही ऑफिसात असा एकजण असेल, ज्याला कशाबद्दलही विचारलं की ‘माहीत नाही’ हे उत्तर मिळत नाही. आमच्याकडे ते होते. पण त्यांचे खरे विषय तीन : सायकलच्या शर्यती, संगणक आणि देशाचं काय चाललंय. पहिल्या दोन विषयांवर ते मोठ्याने बोलायचे.

जुलैमध्ये युरोपात सायकलची तीन आठवड्यांची शर्यत चालते. तेव्हा ते जेवणाच्या सुट्टीत डबा हातात धरून फेऱ्या मारत आम्हाला आदल्या दिवशीची हकीकत सांगायचे. स्वारांच्या कानात जे यंत्र असतं ते काढून टाका, हे त्यांचं जुनं मत. ‘मागच्या गाडीतून साहेब सांगणार, आता पळ, आता थांब. अरे यार, मग पाय तरी त्याचे कशाला?’ जिंकणाऱ्याचं त्यांना फारसं काही नसे. सकाळीच घोळक्यातून एकटा पुढे निघतो आणि शेवटच्या किलोमीटरला पकडला जातो, तो त्यांचा माणूस. ‘पकडला जाणार हे त्याला माहीत असतं हो, मॅडम. बिल्कुल माहीत असतं.’ हे सांगताना त्यांचा गुडघा टेबलाला असा लागायचा की माझ्या कपातला चहा बशीत यायचा.

स्वतःही चालवायचे. यमुनेचा पूल ओलांडून रोज ऑफिसला सायकलवर. नोव्हेंबरातल्या धुरकट हवेत तोंडाला मास्क, डोळे लाल, आल्या आल्या खोकत आमच्या सेक्शनला उशीर झाल्याबद्दल बोलणार. एका रविवारी पानिपतला जाऊन संध्याकाळी परत आले. सोमवारी सकाळी दारातूनच म्हणाले, ‘पानिपतहून मराठी माणूस धडधाकट परत आला आहे, नोंद घ्यावी.’ आम्ही चार मराठी माणसं हसलो, बाकीच्यांना काय झालं ते कळलं नाही.

संगणकाबद्दलची मतं मात्र सगळ्यांना ऐकावी लागायची. एका सकाळी ऑफिसातली सगळी यंत्रं रात्रीतून अपडेट झाली होती आणि मेनू जागेवर नव्हते. ते खुर्चीमागे उभे राहून पडद्याकडे बघत राहिले, घरात चोरी झाल्यावर माणूस उघड्या कपाटाकडे बघतो तसे. ‘बटणं लपवतात आणि त्याला सोय म्हणतात,’ म्हणाले. मग दिवसभर एकेक बटण शोधून त्यांनी सगळ्या सेक्शनसाठी कागदावर नकाशा काढून दिला. तो आजही माझ्या खणात आहे.

तिसऱ्या विषयाचं दुखणं वेगळं होतं. त्यांचा एक मराठी ब्लॉग होता. वाचक सात-आठ, त्यांतली एक मी. त्यात तीन कप्पे : सायकल, संगणक, चालू घडामोडी. पहिले दोन भरलेले. तिसरा उघडला की एकच शब्द दिसायचा : ‘लवकरच.’ सरकारी नोकराने सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करायची नाही, असा नियम आहे. ते नियम पाळायचे. लिहायचे सगळं, पण मसुद्यात ठेवायचे. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी एकदम प्रसिद्ध करणार होते. त्यांच्या बायको, म्हणजे आमच्या काकू, म्हणायच्या, ‘यांची मतं बरणीत घातलीत. लोणचं तरी वर्षात खायला मिळतं.’ ते हसायचे, पण उठून गॅलरीत जायचे. इतकी वर्षं गप्प राहिल्याची त्यांना लाज वाटत होती, हे मला तेव्हाही दिसत होतं. निवृत्तीपूर्वी एकदा तरी आपलं मत आपल्या नावाने कुठेतरी लागावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

आता एक गोष्ट समजावून सांगते. आमच्याकडे फाईल संगणकावर चालते आणि टिपणाला दोन रंग असतात. पिवळं टिपण कच्चं, त्यात खाडाखोड चालते. हिरवं टिपण पक्कं. ते एकदा पुढे गेलं की त्यातला स्वल्पविरामसुद्धा कुणाला काढता येत नाही. आणि या टिपणांत ‘मी’ कधी नसतो. ‘असे दिसते’, ‘असे वाटते’, ‘विचार करता येईल’. कुणाला वाटतं ते कधीच लिहीत नाहीत. माझी अख्खी नोकरी मी ‘असे वाटते’वर काढली आहे.

एकदा खुर्च्यांच्या खरेदीच्या पिवळ्या टिपणात मला मधेच एक परिच्छेद दिसला : ‘घाटाच्या तिसऱ्या वळणावर त्याने मागे पाहिले आणि त्याला समजले की आपण एकटे आहोत.’ मी त्यांना बोलावलं. त्यांनी वाचलं आणि कपाळावर हात मारला. ‘अरे बाप्पा! दोन खिडक्या उघड्या होत्या. ब्लॉगचं इकडे चिकटलं.’ मग चिंतेने विचारलं, ‘खुर्च्यांचं तिकडे तर नाही ना गेलं?’ गेलं होतं. एका वाचकाने त्यावर ‘उत्तम माहिती’ असं लिहिलंही होतं. आम्ही आठवडाभर हसत होतो, आणि मी तो किस्सा ज्याला त्याला सांगितला. इतक्यांना सांगायला नको होता.

त्यांच्या निवृत्तीला चार महिने होते तेव्हा ती फाईल आली. एका सरकारी वसाहतीपुढच्या रस्त्यावरचा सायकलींचा पट्टा काढून तिथे गाड्यांसाठी जागा करायची होती. वरून ठरलेलंच होतं, आम्ही फक्त कागद पुरा करायचा होता. त्यांचं हिरवं टिपण माझ्या पडद्यावर आलं. पहिले तीन परिच्छेद नेहमीचे, सगळं नियमाप्रमाणे. आणि मग चौथा :

‘मी तीन सकाळी या वसाहतीच्या फाटकाशी उभा राहून सायकली पाहिल्या. हौसेने चालवणारा एकही नव्हता. पहारेकरी, माळी, घरकामाच्या बायका. पट्टा काढल्यास हे लोक गाड्यांच्या मधोमध येतील. माझे मत या प्रस्तावाच्या विरुद्ध आहे.’

परत दोन खिडक्या! आणि या वेळी हिरव्यात! चार महिन्यांवर पेन्शन असलेल्या माणसाला कुणी कारणे दाखवा नोटीस काढली तर? ते खाली कँटीनमध्ये होते. बोलावून विचारायला पाच मिनिटं लागली असती. मी विचारलं नाही. मला घाई होती, आणि मी स्वतःला फार हुशार समजत होते. मी पाचवा परिच्छेद लिहिला : ‘परिच्छेद ४ अनवधानाने समाविष्ट झाला आहे. तो विचारात घेऊ नये.’ खुर्च्यांचा किस्सा वरपर्यंत माहीत होता, शंका कुणी घेणार नव्हतं. हिरवा केला, पाठवला, आणि खाली जाऊन त्यांना ही आनंदाची बातमी दिली. ‘सर, वाचवलं तुम्हाला. पार्टी हवी.’

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. पहिल्यांदाच मी त्यांना इतका वेळ न हलता बसलेलं पाहिलं.

‘अनवधानाने नव्हतं, मॅडम.’

‘सर, पण त्यात ‘मी’ होता…’

‘हो ना. मीच होतो तिथे. पहाटे उठून गेलो होतो.’ मागे न बघता, सगळ्या कँटीनला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, ‘तीन परिच्छेद तुमच्या सगळ्यांचे होते. चौथा माझा होता.’

मी पेन्शनचं काहीतरी बोलले. ‘पेन्शन माझी आहे, काळजी मी केली असती,’ एवढं म्हणून ते जिना चढून गेले. संध्याकाळी सोसायटीच्या लिफ्टमध्ये भेटले. ‘गुड इव्हिनिंग, मॅडम,’ म्हणाले. लिफ्टमध्ये! त्यानंतर चार महिने मी घरीदारी मॅडमच राहिले. बुद्धपौर्णिमेची खीर आली, डब्यावर चिठ्ठी नव्हती.

निरोपसमारंभात शाल, गुच्छ, समोसे, सगळं झालं. ‘दोन शब्द’ बोलायला उभे राहिले तेव्हा सेक्शनमधल्या पोरांनी आधीच टाळ्या वाजवल्या, आता मतं ऐकायला मिळणार म्हणून. ‘सगळं छान होतं,’ ते म्हणाले आणि बसले. मला रडू आलं. महिन्याभरात घर विकून दोघं नागपूरला गेली. मी ब्लॉगवर रोज बघत होते. ‘लवकरच’ गेलं, आणि त्याबरोबर तो कप्पाही गेला. मसुद्यांचं काय केलं, मला माहीत नाही. काकूंनाही माहीत नाही.

दीड वर्षाने ती फाईल वरून परत आली. पट्टा केव्हाच काढला होता. तिथे सायकलवरून जाणाऱ्या एका माळ्याला मागून येणाऱ्या गाडीने उडवलं होतं, पाय दोन ठिकाणी मोडला होता, आणि वसाहतीतल्या लोकांनी तक्रार केली होती. वरच्या साहेबांनी फाईल चाळून एकच ओळ लिहिली होती : ‘परिच्छेद ४ मधील पाहणी खरोखर झाली होती का?’

खुर्चीवर बसवेना. मी उभ्यानेच टाइप केलं : ‘होय. तत्कालीन कक्ष अधिकाऱ्यांनी ती स्वतः केली होती आणि परिच्छेद ४ जाणीवपूर्वक लिहिला होता. परिच्छेद ५ मी लिहिला. तो चुकीचा आहे.’ इतक्या वर्षांत पहिल्यांदा ‘मी’ लिहिला. हिरवा केला. पाठवला.

मग बाहेर व्हरांड्यात येऊन नागपूरला फोन लावला. त्यांनी उचलला. मी एका दमात सगळं सांगून टाकलं : माळी, तक्रार, साहेबांचा प्रश्न, माझं उत्तर. ‘सर, मी चूक कबूल केली. तुमचं मत आता नोंदीत आलंय. कुणालाही खोडता येणार नाही.’ मी थांबले. मला वाटलं, आता ते काहीतरी म्हणतील, बरं केलंत म्हणतील, निदान रागावतील तरी.

पलीकडे त्यांच्या चालण्याचा आवाज येत होता. तो थांबला.

‘तो माळी चालायला लागला का?’ त्यांनी विचारलं.

फाईलमध्ये ते नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं.