इंजिनाला गंगास्नान

काशीत, रामघाटावरच्या आमच्या गल्लीत समोरून गाय आली की माणसानं कुणाच्या तरी ओट्यावर चढून उभं राहायचं, अशी रीत होती. अशा गल्लीत राहून मी इटालियन गाड्यांवर जीव टाकत असे. विशी उलटेपर्यंत मी कुठल्याही मोटारीच्या पुढच्या सीटवर बसलो नव्हतो, पण कोणती गाडी ताशी किती धावते हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगितलं असतं. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. दशाश्वमेधजवळच्या रद्दीवाल्याकडे परदेशी प्रवाशांनी टाकलेली गाड्यांची मासिकं मिळत. त्यातलं एक चित्र मी दारामागे चिकटवलं होतं: लाल, जमिनीला टेकलेली, दारं वर उघडणारी गाडी. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, ते पाहून "हा कुठला मासा?" एवढंच विचारलं.

माझा मित्र आमच्याच घाटावरच्या नावाड्याचा मुलगा. मैदागिनच्या एका गॅरेजात मेकॅनिक होता आणि अमेरिकन मसल कारचा भक्त. लांबलचक बोनट, आत दांडगं इंजिन, आवाज असा की मोहल्ला जागा व्हावा. संध्याकाळी पायऱ्यांवर आमची जुंपायची.

"गुरु, गाड़ी वो, जिसका बोनट उठाओ तो इंजन सामने खड़ा मिले," तो म्हणायचा. "बिगड़ी तो पाना उठाया, बना ली. तुम्हारी वाली तो पहले ही गड्ढे में बैठ जाएगी."

मी त्याला ऐकवायचो, की इंजिन नाकावर घेऊन फिरणं हा शुद्ध गावंढळपणा आहे. उमदी गाडी ती, जिचं इंजिन मध्यावर असतं, म्हणजे तोल राहतो. शिवाय वर उघडणारी दारं आमच्या गल्लीत किती सोयीची! गाडी मुळात गल्लीत शिरणार कशी, हा प्रश्न मला क्षुद्र वाटे. हे सगळं मी चंदन लागलेल्या बोटांनी हातवारे करत सांगायचो आणि तो काळ्या तेलानं भरलेल्या नखांनी कान खाजवत ऐकायचा.

अण्णा काशीतल्या मराठी घरांचे पुरोहित. मला बरोबर नेत, ते पूजेची पिशवी धरायला. एकट्यानं पूजा सांगायला त्यांनी मला कधी धाडलं नव्हतं आणि ते मला फार लागे. मग एकदा घाटावर त्यांचा पाय मुरगळला, नेमकी त्याच दिवशी रेल्वेतल्या एका कारकुनाच्या नव्या व्हॅनची पूजा होती. अण्णांनी आपलं रेशमी उपरणं माझ्या खांद्यावर टाकलं.

"पुढे स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, नारळ. शहाणपण करू नकोस."

गल्लीत शिरणं शक्य नसल्यानं व्हॅन मैदागिनच्या रस्त्यावर उभी होती. डब्यासारखी, बोनटच नसलेली. यजमानांची आई पुढच्या सीटवर ऐटीत बसली होती. पूजा झाली की सगळे तसेच विंध्याचलला देवीच्या दर्शनाला निघणार होते. मी सहज विचारलं, "इंजिन कुठंय?"

"आईच्या खाली," यजमान म्हणाले.

म्हणजे मध्यावर! माझ्या अंगावर काटा आला. अण्णांचे शब्द मी तिथंच विसरलो. आजींना उतरवलं, सीट उचलायला लावली आणि जमलेल्या मंडळींना समजावलं, की पत्र्याची पूजा काय कामाची, प्राण तर इथं आहेत. कुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या. मग पळीनं गंगाजल घालू लागलो. चर्र करून वाफ निघाली. मला तो शुभशकुन वाटला, म्हणून अख्खा तांब्या रिता केला, वर नारळाचं पाणी.

लिंबावरून गाडी पुढे न्यायची वेळ आली. यजमानांनी किल्ली फिरवली. गाडी खोकली आणि गप्प झाली. दहा वेळा फिरवली. आजी रस्त्याच्या कडेला उभ्या राहून म्हणाल्या, "काय रे हे? देवीची इच्छा नाही वाटतं."

मला रडू यायचं बाकी होतं. धावत गॅरेजात गेलो. मित्र आला, वाकून पाहिलं, इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या भागावरचं काळं झाकण काढलं. आतून पाणी ठिबकलं.

"बीच में ही था न इंजन? अब पोंछो."

कोरडं फडकं नव्हतं. मी अण्णांचं उपरणं काढून दिलं. पुसून झाल्यावर गाडी सुरू झाली, लिंबू चिरडलं आणि आजी कुरकुरत विंध्याचलला गेल्या.

घरी अण्णा पायाला हळदीचा लेप लावून बसले होते. उपरणं पाठीमागे लपवलं होतं, पण तेलाचा वास कुठे लपतो! सगळं सांगून टाकलं, अगदी तांब्यासकट. आता जन्मभर पिशवीच धरायची, हे मी मनाशी कबूल केलं.

अण्णांनी उपरणं उलगडून डाग पाहिला. मग दाबलेल्या हसण्यानं त्यांचं पोट हलू लागलं. उपरणं परत माझ्या खांद्यावर टाकत ते म्हणाले,

"उद्या पंचगंगा घाटावर अभिषेक आहे. तू एकटाच जा. महादेवावर हवं तेवढं पाणी ओत, तो बंद पडत नाही."