घरच्या मशीनवर दाखव

आबांना दवाखान्यातून माझ्या घरी आणलं त्या दुपारी त्यांनी पाणीसुद्धा मागितलं नाही. पलंगावर टेकले आणि म्हणाले, "ती कॅसेट कुटं हाय?"

कॅसेट म्हणजे डीव्हीडी. अँजिओग्राफी झाल्यावर दवाखान्याने फाईलबरोबर कागदी पाकिटात घालून दिलेली. ती घेऊन आम्हाला पुण्याला जायचं होतं. आबांच्या हृदयाच्या तिन्ही नळ्या बंद होत आल्या आहेत, बायपास याच आठवड्यात करून घ्या, असं इथल्या डॉक्टरांनी मला केबिनचं दार लावून सांगितलं होतं. पुण्याच्या सर्जनची परवाची वेळही मिळाली होती. एकच अडचण होती, आणि ती म्हणजे आबा, माझे वडील.

आबांनी उजनीच्या पाण्याकाठच्या आमच्या गावात जन्मभर पाण्याच्या मोटारींचं वायंडिंग केलं, म्हणजे जळलेली तार काढून नवी गुंडाळली. केळीवाल्याची किंवा उसवाल्याची मोटार जळली की ते त्याला समोर उभं करत, त्याच्यादेखत ती उघडत, काळी पडलेली तार त्याच्या हातात देत आणि मगच कामाला हात लावत. न दाखवता काम सांगणारा मिस्त्री त्यांच्या लेखी चोर होता. आता त्यांची स्वतःची छाती उघडायची होती आणि जळलेली तार त्यांना कुणी दाखवली नव्हती.

"डॉक्टरांनी दाखवलं असतं की," मी म्हणाले. "तुम्हीच नको म्हणालात."

"त्येंचं दुकान, त्येंचंच मशीन. त्ये दावतील त्येच दिसणार. घरच्या मशीनवर दाखव. डोळ्यानं बघितलं की येतो पुन्याला. न्हायतर हितंच बरा हाय मी."

मला भयंकर राग आला. चेहरा पांढराफटक पडलेला, चार पावलं चालले की भिंत धरणारा हा माणूस मला अटी घालत होता. पण आईने मला स्वयंपाकघरात ओढून नेलं आणि खरं काय ते सांगितलं. वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या कुणीतरी आबांच्या कानात घातलं होतं, की बायपास करताना काळीज बंद करून ठेवतात. तेव्हापासून ते नीट झोपले नव्हते.

"खरं हाय का गं त्ये?" आईने विचारलं.

मी गॅस बारीक केला आणि बाहेर आले.

माझ्या लॅपटॉपला डीव्हीडीची सोयच नव्हती. राहिला तो कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर, माझ्या मुलाच्या शाळेच्या वेळी घेतलेला. मुलगा नोकरीला बंगळूरला गेल्यापासून त्याच्यावर आईच्या जुन्या लुगड्याचं कव्हर होतं आणि कव्हरवर इस्त्रीचे कपडे. ते सगळं उतरवलं, धूळ झटकली. मे महिन्याची दुपार, पंखा गरम हवा फिरवत होता. कॉम्प्युटर बराच वेळ विचार करून सुरू झाला. डीव्हीडीचा ट्रे मात्र बटण दाबून उघडेना. समोरच्या बारीक भोकात सरळ केलेली कागदाची क्लिप खुपसल्यावर तो कुरकुरत बोटभर बाहेर आला आणि उरलेला मी ओढला.

डीव्हीडी आत घातली. यंत्राने ती फिरवायला घेतली, आवाज चढत गेला, मग एकदम पडला. पुन्हा चढला, पुन्हा पडला. मध्येच आतून टकटक. स्क्रीनवर सूचना आली, कृपया डिस्क घाला.

आबा पलंगावरून उठून माझ्या मागे खुर्ची टाकून बसले होते. डोळे मिटून ते आवाज ऐकत होते.

"दम लागतोय त्येला," ते म्हणाले. "लई दिवस न्हाय ह्येचं."

"आबा, तुम्ही पडा."

"ऐकू दे की."

डीव्हीडी बाहेर काढली तर आईने ती माझ्या हातातून घेतली आणि पदराने ताट पुसतात तशी गोल गोल पुसायला लागली. मी ओरडले. असं गोल पुसलं की ओरखडा वाचायच्या रेषेवरच पडतो आणि मग काही वाचता येत नाही, मधून कडेकडे पुसायचं असतं. शिवाय ही एकच प्रत होती. हिला काही झालं तर पुण्यात दाखवायला आमच्याकडे तोंडाखेरीज काही नव्हतं. आईने डीव्हीडी माझ्या हातात दिली आणि भिंतीशी जाऊन बसली. तिला वाईट वाटलं हे मला दिसलं, पण त्या वेळी समजूत काढायला माझ्याकडे जीव नव्हता.

कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. तो हसला. "डीव्हीडी अब कौन लगाता मॅडम? लेन्स पे धूल बैठी होगी. साफ करके देखो. नहीं हुआ तो फेंक दो." फेकून देण्याचा सल्ला त्याने इतक्या सहज दिला की मी आभार न मानताच फोन ठेवला.

कान साफ करायच्या कापसाच्या काडीने ट्रेमागची ती मुगाच्या डाळीएवढी काच हळूच पुसली. डीव्हीडी घातली. आवाज चढला, थरथरला आणि टिकला. आतल्या फाईली दिसायला लागल्या. गाण्याबिण्याच्या प्लेअरवर त्या उघडेनात, नुसता काळा चौकोन. डीव्हीडीतच त्या दाखवणारा एक छोटा प्रोग्राम होता, पण तो चालू करायला गेले की कॉम्प्युटरचा व्हायरसवाला राखणदार आडवा येत होता.

"काय म्हनतोय?" आबांनी विचारलं.

"यात धोका असू शकतो म्हणतोय."

"डॉक्टरापरीस शाना हाय मग."

मी राखणदाराला थोड्या वेळापुरतं बंद केलं. स्क्रीनवर प्रोग्रामची खिडकी उघडली. करड्या पडद्यावर बरगड्यांच्या पुसट सावल्या, आणि मग तपासणीत नळ्यांत सोडलेलं औषध काळं होऊन शिरलं आणि झाडाच्या फांद्या दिसाव्यात तशा नळ्या उमटल्या. त्या उसळल्या. आणि जागच्या जागी थांबल्या.

यंत्रातून टकटक आली. फांद्या पुन्हा उसळल्या, दोन ठोके नीट पडले, पुन्हा थांबल्या. मग एकदम तीन-चार ठोके घाईघाईत. पुन्हा थांबल्या. आबांच्या श्वासाचा आवाज मला माझ्या मानेजवळ ऐकू येत होता. आईने तोंडावर पदर धरला.

"अडकतंय," आबा म्हणाले. त्यांचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता.

मी गप्प बसले असते तर त्याच मिनिटाला पुण्याची बॅग भरली गेली असती. पण आई रडायला लागली होती. मी म्हणाले, "अगं ते आबांचं नाही अडकत. ड्राइव्ह जुना आहे, त्याला वाचायला वेळ लागतोय." आणि ड्राइव्हची घरघर आता अशी वाढली होती की तो डीव्हीडीच खाऊन टाकेल या भीतीने मी सगळ्या फाईली घाईने कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. ती हिरवी पट्टी सरकत असताना आम्ही तिघंही तिच्याकडे बघत होतो. डीव्हीडी काढून पाकिटात घातली, पाकीट फाईलमध्ये, फाईल कपाटात. मग सगळं नीट उतरलंय का हे बघायला कॉम्प्युटरवरची प्रत लावली.

आता कुठेच अडकलं नाही. फांद्या भरल्या, उसळल्या, भरल्या, उसळल्या. डॉक्टरांनी मला जिथे बोट ठेवून दाखवलं होतं तिथे नळी दोऱ्याइतकी बारीक झालेली होती. मी तिथेच बोट ठेवलं. "ही बघा. ही तुमची जळलेली तार."

आबा पुढे झुकले. बराच वेळ बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत येत होता.

"पानी म्होरं जातंय की," ते म्हणाले. "बारीक का हुईना, शेवटाला पोचतंय. आन् मोटार बघ कशी चालतीय. मगाशी अडकत हुती, तू नीट केलीस."

"मी कॉम्प्युटर नीट केला, आबा. तुम्हाला नाही."

"चालती मोटार मी कुणाची उगडली न्हाय आन् माजी उगडू द्यायचा न्हाय. पुन्याला फोन कर. येत न्हाय म्हनावं."

मी समजावलं, मग भांडले. ते ऐकत नव्हते. कालव्याच्या भरल्या चारीचं पाणी शेतात जाताना बघत बसावं तसे ते आपल्या काळजाकडे बघत बसले होते, जरा खुशीत. आईला चहा टाकायला सांगितला, साखर घालून. चालतंय, चालतंय, असं मधूनच स्वतःशी म्हणत होते. एक हात मात्र सदऱ्याच्या आत डाव्या बाजूला दाबून धरलेला होता, आणि तो तिथे आहे हे त्यांना कळतही नसावं.

तेव्हा माझं लक्ष स्क्रीनवरच्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्याकडे गेलं. एकमेकांमागे वळलेले दोन बाण. म्हणजे पुन्हा पुन्हा दाखव. ते चित्र होतं जेमतेम काही सेकंदांचं, संपलं की कॉम्प्युटर पहिल्यापासून लावत होता. आबांना वाटत होतं, मोटार अखंड चालू आहे.

मी ते बाण बंद केले.

औषध शिरलं. फांद्या भरल्या, उसळल्या. मग औषध वाहून गेलं तशा त्या फिक्या होत गेल्या, आधी टोकं, मग मधला भाग, मग मुळं. करडा पडदा राहिला. तो हलत नव्हता.

आबा वाट बघत राहिले. स्वयंपाकघरात चहा उतू गेल्याचा वास आला.

"काय झालं?"

"संपलं."

"परत लाव."

मी माउसवरून हात काढून मांडीवर ठेवला. मला लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. भीती वाटली. त्या कोऱ्या पडद्याकडे बघवेना, आणि त्यांच्याकडे तर त्याहून नाही.

त्यांनी स्वतः माउस धरला. जाड बोटांनी इकडेतिकडे दाबून बघितलं. काही झालं नाही. मग माउस सोडून ते मागे टेकले.

"आपरेशनात असंच बंद करत्यात व्हय?"

दुपारपासून मी हाच प्रश्न चुकवत आले होते. "होय," मी म्हणाले. "थोडा वेळ. तोवर मशीन रक्त फिरवतं."

"आन् परत लावत्यात?"

"लावतात."

"समद्यांचं लागतं?"

दार लावून बोलताना डॉक्टर 'बहुतेकांचं' म्हणाले होते. तो शब्द माझ्या कानात त्यांच्याच आवाजात होता. आई दारात चहाचा कप घेऊन उभी होती आणि तीही माझ्याकडेच बघत होती.

"होय, आबा," मी म्हणाले. "सगळ्यांचं."

त्यांनी मान हलवली आणि आईला बॅग भरायला सांगितलं.