विचारणं आणि मागणं

शाळेतली पोरं त्यांना धातुसर म्हणत. ते शिकवायचे इंग्रजी, पण कुठल्याही शब्दाचं मूळ उकरल्याशिवाय त्यांचं पान पुढे सरकत नसे. एका नव्या पालकाला तर कित्येक दिवस वाटत होतं, की हे रसायनशास्त्र शिकवतात.

आईवडील लवकर गेले, तेव्हा थोरल्या बहिणीनं त्यांना वाढवलं. ताई शिलाईच्या कारखान्यात काजं करायची. तिच्या जिवावर सर शिकले, नोकरीला लागले, आणि मग रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून तिला शब्द ऐकवू लागले. ऐकायला घरात दुसरं होतं कोण? ती भाजी चिरता चिरता ‘हं, हं’ करायची.

एका संध्याकाळी मात्र तिनंच विषय काढला.

“काय रे, इंग्रजीत विचारणं आणि मागणं, दोन्हीला एकच शब्द?”

सरांची कळी खुलली. “हो, आस्क! जुना, अगदी घरचा शब्द. क्वेश्चन, क्वेस्ट, रिक्वेस्ट ही मंडळी लॅटिनकडून आलेली, सख्खी भावंडं. शोधणं, विचारणं, मागणं, सगळं एकाच धातूच्या पोटात. त्यातल्या रिक्वायरची तर गंमतच आहे. आधी त्याचा अर्थ विचारणं, मागणं असा होता. मागता मागता आज नुसती गरज उरलीय.”

“आणि मागणी घालणं?”

“प्रपोज. ते खानदान निराळं. त्याचा अर्थ पुढे ठेवणं. एकानं आपली गोष्ट दुसऱ्यापुढे ठेवायची.”

“आणि त्या दुसऱ्यानं काय करायचं?” ताईची सुरी थांबली होती.

“ते काही शब्दात येत नाही,” सर हसले आणि सर्चकडे वळले. सर्चच्या मुळाशी वर्तुळ आहे, शोधणारा आधी गोल गोल फिरतो, हे त्यांनी बशीच्या कडेवरून बोट फिरवून दाखवलं. ताईनं खाली मान घालून पुन्हा चिरायला घेतलं.

पुढे सरांचं लग्न झालं, मुलं झाली, ती मोठी होऊन दूर गेली. बायको वारली. घरात पुन्हा दोघंच उरली, बहीण आणि भाऊ. दोघांचेही केस पांढरे.

एके दिवशी कारखान्यातली ताईची जुनी मैत्रीण भेटायला आली. ताई आत चहा टाकत होती. मैत्रीण हळूच सरांना म्हणाली, “आमचे कटिंग मास्तर गेले हो. हिला कसं सांगू? तुम्हाला तर ठाऊकच असेल, त्यांनी हिला मागणी घातली होती. हिचा होकार येईना, म्हणून बिचारे गाव सोडून गेले.”

सरांना काहीच ठाऊक नव्हतं. मैत्रीण गेल्यावर त्यांनी कसंबसं ताईला सांगितलं. तिनं चहाचे कप उचलून मोरीत ठेवले.

“मला बोलली का नाहीस?” सर म्हणाले. “मी काय नको म्हणालो असतो?”

“बोलायलाच बसले होते रे. पण तू रंगात आला होतास.” तिच्या बोलण्यात राग नव्हता, तेच सरांना जास्त लागलं. “वाटलं, तू एवढं तरी म्हणशील, की ताई, हे तुला आज का सुचलं? मग सगळं सांगून टाकलं असतं. दुसऱ्या दिवशी धीरच झाला नाही. पुढे तुझं लग्न निघालं.”

सरांना ती संध्याकाळ लख्ख आठवली. आपण काय काय बोललो, ते शब्दन् शब्द आठवलं. ताईचा चेहरा तेवढा आठवेना.

“कसे होते गं ते?” त्यांनी विचारलं.

ताईला या वयातही लाजल्यासारखं झालं. “कापडावर खडूची रेघ ओढताना श्वास रोखून धरायचे,” ती म्हणाली. “रेघ संपली, की मगच सोडायचे.”

सर मध्ये एक अक्षर बोलले नाहीत. ती आणखी काही सांगेल म्हणून वाट बघत राहिले. पण ताई उठली, आणि वाळत घातलेले कपडे काढायला बाहेर गेली.