पूजेतून उचललेली चावी

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा लिहून पुसलं. ही गोष्ट पेठ नाक्यावर चाकं भरणाऱ्या कुसाबाईंनी सांगितली, आणि इतक्या वर्षांपूर्वीची भीती अशी कागदावर मांडून त्यांना काय मिळणार, असं वाटलं. पण काल पेठ नाक्यावरून जाताना भर दुपारी त्यांचं शटर अर्धं खाली दिसलं. म्हणून आता एका दमात लिहून टाकते.

अठ्ठ्याण्णव सालचा दसरा. पेठ नाक्याजवळ पुंजा मिस्त्रीचं चाकांचं दुकान होतं, म्हणजे एक गाळा, आढ्याला टांगलेल्या रिमा, आणि मागे दोन खोल्यांचं घर. पुंजा इंजिनाला हातच लावायचा नाही. फक्त चाक. मोटारसायकलची रिम वाकली, तारा तुटल्या, चाक फिरताना डुलायला लागलं की अख्खी पंचवटी त्याच्याकडे. कुसाबाई त्याची बायको. गाड्या धुणं, गिऱ्हाइकाला बसवणं, आणि नवरा वेळेवर जेवत नाही म्हणून ओरडणं, ही तिची कामं.

गिऱ्हाईक नेहमी चकाकणारी रिम उचलायचं. पुंजा ती काढून घ्यायचा, नखानं जोड चाचपायचा, फरशीवर आडवी टाकून चारी बाजूंनी दाबायचा, जरा डगडगली की परत. म्हणायचा, "रिम घेताना चमक नाय, जोड बघावा."

आतून कुसाबाईचा आवाज यायचा, "आमच्या बापाला कुणी सांगितलं असतं हे, तर लय बरं झालं असतं."

चाक भरायची त्याची रीत ठरलेली होती. छत्तीस तारा आधी हातानं अडकवायच्या, मग एवढ्याशा चावीनं थोड्या थोड्या आवळत जायचं, मग चाक फिरवून त्याचं डुलणं काढायचं. शेवटी प्रत्येक तारेवर पान्याची टिचकी. घट्ट तार टणकन बोलते, ढिली तार थप्प करते. सगळ्या एका सुरात बोलल्या की मगच तो हँडलला बांधलेलं लाल फडकं सोडायचा. फडकं असेपर्यंत गाडी दुकानाबाहेर जायची नाही. देव आला तरी नाही.

त्या वर्षी अष्टमीला दुपारी समाधान गुरुजी आले. सुरगाण्याकडच्या आश्रमशाळेत शिकवायचे, सासुरवाडी म्हसरूळला. खड्ड्यात पुढची रिम वाकलेली. पुंजानं रिम निवडून दिली, दसऱ्यानंतर दोन दिवसांनी या म्हणाला, आणि सवयीनं हेही सांगितलं की नवीन चाक पहिल्यांदा जरा वाजतं, तारा बसत असतात, घाबरू नका, आठ दिवसांनी परत आणा म्हणजे आवळून देतो. हे वाक्य लक्षात ठेवा.

संध्याकाळपर्यंत तारा फक्त हातानं अडकवून झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडली, हळदकुंकू लागलं, चावीसुद्धा त्यात गेली. आता दसऱ्याची पूजा उतरेपर्यंत हत्यार उचलायचं नाही, हे पुंजाच्या वडिलांपासून. पण चाक काढलेली गाडी विटांवर उभी होती आणि कुसाबाईला ते बघवेना. लंगड्या घोड्याला कोण हार घालतं, वर्षाचा सण आहे, असं तिनं इतकं लावून धरलं की पुंजानं हत्याराविना, हातापायानंच टायर चढवून चाक तसंच अडकवलं. नुसतं उभं राहण्यापुरतं. फडकं सोडू नको, एवढं बजावलं.

दसऱ्याच्या सकाळी पुंजा आपट्याची पानं आणायला गेला. कुसाबाईनं दुकानातल्या सहाही गाड्या धुतल्या. फडकं तेलानं काळंकुट्ट झालेलं, नव्या झेंडूच्या हाराशेजारी कसं दिसेल ते. तिनं ते सोडलं, साबण लावला, दोरीवर वाळत टाकलं. वाळलं की बांधू परत. आणि गुरुजी आले. सोबत बायको शुभांगी आणि चार वर्षांची सृष्टी. शाळेतल्या पोरांबरोबर सोनं वाटायचं ठरलंय, म्हणून आजच निघतोय म्हणाले. गाडी धुतलेली, हार घातलेली, पुढचं चाक लखलखतंय.

"अरे वा, झाली पण?" गुरुजी म्हणाले.

"झाली वाटतं," कुसाबाई म्हणाली. "न्या तुम्ही. सणाला घरची गाडी पायजेच."

पोरगी टाकीवर बसली, टाटा केला, गेले.

अर्ध्या तासानं पुंजा आला. गाडीची जागा रिकामी. त्यानं विचारलं, तिनं सांगितलं. त्यानं दोरीवरच्या फडक्याकडे बघितलं आणि तिथल्या तिथे खाली बसला. तेव्हा कुसाबाईला कळलं. तारा आवळलेल्याच नव्हत्या. घाटात उतारावर ब्रेक दाबला की अख्खा भार पुढच्या चाकावर येणार, आणि ते चाक पापडासारखं दुमडणार. टाकीवर पोरगी.

पुंजा उठला, आपली गाडी काढली, मग पाटाकडे आला. चावी लागणार होती. त्यानं हात पुढे केला आणि मागे घेतला. पूजेतलं हत्यार उचललं की ते हात कापतं, वडील सांगायचे, आणि पुंजा मिस्त्री आयुष्यात फक्त दोघांना घाबरायचा, वडिलांना आणि देवाला. कुसाबाई बारा महिने उपास करणारी बाई. तिनं पाट ओलांडला, कुंकवासकट चावी उचलली आणि मुठीत दाबली.

"कापायचा तर माझा कापंल. चला."

नाक्यावर दोन रस्ते. दिंडोरीकडून गेले असतील का पेठकडून? कुसाबाईला आठवेना, गुरुजी काही बोलले होते का तेही आठवेना. पुंजानं पेठ रोड धरला. आणि दसरा, त्यामुळे रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला झेंडूचा हार. लांबून प्रत्येक गाडी तीच. जवळ गेलं की दुसरीच. दर वेळी तिच्या तोंडून हाक निघायची आणि गिळली जायची.

रासेगावला पंक्चरवाल्याला विचारलं. गेले म्हणाला, पोरगी होती टाकीवर. चाक कटकट करत होतं. मी थांबवलं त्यांना, तर म्हणाले, मिस्त्रीनं सांगितलंय, नवीन चाक वाजतं, तारा बसतात.

पुंजानं किक मारली.

सावळ घाट लागला. समोरून एसटी उतरत आली आणि तिनं ड्रायव्हरचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला. याने वर काही बघितलंय का? ड्रायव्हर पान चघळत होता. पुढच्या वळणावर माणसांची गर्दी. तिनं डोळे मिटले. उघडले तर घाटातल्या देवाला नारळ फोडत होते.

त्यापुढच्या वळणावर गाडी दिसली. कठड्याला टेकून उभी. माणूस एकही नाही, हँडलला हार नाही, आणि रस्त्याच्या मधोमध लहान मुलाची एक चप्पल.

पुंजानं गाडी थांबवली. कुसाबाईनं उतरून चप्पल उचलली. कठड्यापलीकडे खोल दरी, आणि तिकडे बघायचं कुणी, हा प्रश्न दोघांच्या मध्ये उभा राहिला.

मग दरीच्या उलट्या बाजूनं, झाडामागून, लहान मुलीचं मुसमुसणं ऐकू आलं.

तिघं सावलीत होते. झालं असं, कुसाबाईनं हौसेनं हार फार लांब केला होता, तो खाली लोंबला, एका सुटलेल्या तारेत अडकला आणि पोरीच्या हातातून ओढला गेला. पोर किंचाळली, पायातली चप्पल पडली, गुरुजींनी चढावर हळूच गाडी थांबवली. चाकातला दोरा ब्लेडनं कापून झाला होता, आता पोरीला शांत करत होते. निघायच्या बेतात. पुढे उतार होता.

गुरुजी हसून म्हणाले, "मिस्त्री, सोनं द्यायला एवढ्या लांब?"

"चाक आवळलेलंच नव्हतं, गुरुजी," कुसाबाई म्हणाली. "मी दिली गाडी. माझ्या हातनं झालं."

गुरुजींचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, विझायचं विसरल्यासारखं. शुभांगीनं मुलीला घट्ट धरलं. पुढची एसटी आली, हात केला, मुलीला घेऊन चढली. पोरीच्या पायात एकच चप्पल. दुसरी कुसाबाईनं खिडकीतून दिली, तीही तिनं न बघता घेतली.

पुंजानं तारा वाजवल्या. छत्तीसच्या छत्तीस ढिल्या, तीन तर नुसत्या लोंबत होत्या. भर रस्त्यात बसून दीड तास आवळल्या. शेवटी पाना बायकोच्या हातात दिला.

"आता तू वाजव. तू म्हणशील तव्हाच गाडी जाईल."

तिनं छत्तीस तारा वाजवल्या. परत वाजवल्या. तिसऱ्यांदा वाजवताना कुठे तिला आवाज ऐकू यायला लागला.

त्या दिवसापासून ती दुकानात बसायला लागली. पुंजा २००४ साली गेला, तेव्हापासून एकटी. खंडेनवमीला अर्धवट गाडी आता विटांवरच राहते, चाकाविना, हाराविना. लाल फडकं ती धूत नाही. गिऱ्हाइकाला "वाटतं" म्हणत नाही. आणि चाक वाजलं तर घाबरू नका असंही सांगत नाही. घाबरा म्हणते. थांबा, उतरा, बघा. समाधान गुरुजी बदली होईपर्यंत दर आठ दिवसांनी चाक दाखवायला यायचे. शुभांगी कधीच आली नाही. कुसाबाई म्हणतात, बरोबर केलं तिनं.

आता सगळ्यांना तारांशिवायची, ओतीव चाकं हवीत. त्यांनाही भेग गेलेली असते हो, पण ती तारेसारखी बोलून दाखवत नाही, आणि तसलं वाकलेलं चाक कुणीतरी तापवून सरळ करून देतं. तशी चाकं सरळ करायला आली की कुसाबाई नाही म्हणतात आणि गिऱ्हाईक चिडून जातं. दिवसाला एखादं चाक येतं. या दसऱ्याची पूजा उतरली की शटर कायमचं ओढायचं म्हणतात.

तारांचं चाक असेल तर ते घेऊन जा, नसेल तर नुसते जा. पेठ नाका, आढ्याला रिमा टांगलेला गाळा. पाना हातात घेऊन एक तार वाजवून बघा, त्या शिकवतात. दसऱ्याच्या आत जा.