नळीचं तोंड

प्रयोगशाळेत शेफालीची किंकाळी ऐकून विज्ञानाच्या प्रेमलाबाई वळल्या, तेव्हा मोरचुदाचं उकळतं निळं पाणी तिच्या गालावरून गळ्याकडे ओघळत होतं. शेजारी शरणम्मा काचेची नळी चिमट्यात धरून तशीच उभी. दिव्याची ज्योत नळीखाली, आणि तिची मान मात्र खिडकीकडे वळलेली.

बाईंनी शेफालीला दंडाला धरून नळाखाली नेलं. पोर डोळा उघडेना. "उघड बाळा, जरा उघड," म्हणत त्या तिच्या पापणीवर पाणी सोडत राहिल्या. डोळ्यात गेलं असेल तर? पुढचा विचार त्यांनी मनात येऊच दिला नाही. रिक्षात, दवाखान्याच्या बाकावर, डॉक्टर बाहेर येईपर्यंत त्यांच्या ओल्या पदरातून पाणी ठिबकत होतं.

डोळा वाचला होता. गालावर फोड आले होते. ते जातील, असं डॉक्टर म्हणाले.

प्रेमला मगर मूळच्या हडपसरच्याच. शाळेतही आधी सगळी ओळखीच्या आडनावांची पोरं यायची. आता आसपासच्या इमारती बांधणाऱ्या मजुरांची यायची. कुणी घरी कन्नड बोलायचं, कुणी तेलुगू, कुणी भोजपुरी. वर्गात काहीही सांगितलं की ही मुलं माना डोलवत. बाईंना ते बरं वाटायचं. शरणम्मा कलबुर्गीकडची, जूनमध्ये आठवीत आलेली. तीही अशीच मान डोलवायची.

दुसऱ्या दिवशी शेफालीचे वडील रणजित मुख्याध्यापकांच्या खोलीत बसलेच नाहीत, उभ्यानंच बोलले. "प्रेमलाताई, तुम्ही गावच्या हाय म्हणून गप हाय. ती पोरगी उद्यापासून शाळेत दिसाय नको. सांगितलेलं कळत नसंल तर विटा वाहू द्या तिला."

दाराशी शरणम्मा आणि तिची आई उभ्या होत्या. आईला शब्द कळत नव्हते, आवाज कळत होता. तिने लेकीचं मनगट घट्ट धरलं होतं.

मुख्याध्यापक गोपाळकृष्ण सरांनी चष्मा पुसला. "सूचना दिली होती ना, बाई?"

"दिली होती. दोनदा."

"मग प्रश्न मिटला. आधी मराठी शिकू दे तिला. प्रयोगशाळा कुठे पळून जात नाही."

बाईंना मान हलवून मोकळं होता आलं असतं. रात्रभर मात्र त्यांच्या डोळ्यांपुढून ती खिडकीकडे वळलेली मान हलली नव्हती. एवढं उकळतं पाणी हातात धरून कुणी खिडकीबाहेर बघतं?

"सर, एक मिनिट," त्या म्हणाल्या. टेबलावरची पेन्सिल त्यांनी शरणम्माच्या हातात दिली. "ही नळी समज. काल मी सांगितलं तसं कर. 'तापवताना नळीचं तोंड दुसरीकडे करा.'"

पोरीने पेन्सिल पुढे धरली. मग हळूच आपलं तोंड भिंतीकडे वळवलं. पेन्सिलीचं टोक रणजितच्या पोटाकडे रोखलेलं.

रणजित पेन्सिलीकडे बघत राहिले. "म्हंजी... स्वतःचं तोंड?"

"मी सांगितलं तेच केलं तिने," बाई म्हणाल्या. "तोंड हा शब्द तिला येतो. नळीलाही तोंड असतं, हे तिला कुणी दाखवलं? मी नाही दाखवलं."

"त्यासाठी भाषेचा तास असतो," सर कोरडेपणाने म्हणाले.

"भाषेच्या तासाला काचेची नळी कोण आणतं, सर?"

रणजितनी एकदा शरणम्माच्या आईकडे पाहिलं. "पुन्यांदा कुणाला लागलं तर मी ऐकणार न्हाई, ताई," एवढं म्हणून ते निघून गेले. माफी कुणी मागितली नाही, पण शरणम्मा शाळेत राहिली.

बाईंनी मग दिवा पेटवण्याआधीची रीतच बदलली. आधी रिकामी नळी हातात द्यायची, कृती करून घ्यायची, मग प्रत्येकाने आपल्या भाषेत ती शेजाऱ्याला सांगायची. तास पुरेना. शिक्षक-खोलीत टोमणे सुरू झाले, "मगरबाई आता भाषांतराचं दुकान काढणार." शरणम्मा तर दिव्याजवळ यायलाच तयार नव्हती. बाई रोज तिला फक्त नळी धरायला देत. ती धरे आणि खाली ठेवी.

दिवाळीनंतर शेफालीच तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. गालावर फिकट डाग होता. "मी दिवा लावते. तू धर."

बाई दोन पावलं मागे सरकल्या. शरणम्माने नळीच्या कडेवरून बोट फिरवलं. "बायि," ती पुटपुटली. कन्नडमध्ये तोंडाला बायि म्हणतात. दोघीतिघी फिसकन हसल्या, "बाई म्हणे!" शरणम्मा हसली नाही. तिने नळी तिरपी केली, रिकाम्या भिंतीकडे, आणि शेफालीला हाताने मागे सारलं. पाणी उकळलं, थोडं उसळलं, फरशीवर पडलं. कुणालाच काही झालं नाही.

त्याच आठवड्यात गणिताचे केदार सर, टोमण्यांत सगळ्यात पुढे असलेले, बाईंच्या टेबलापाशी येऊन घुटमळले.

"मी 'त्रिकोणाच्या बाजू मोजा' म्हटलं, तर त्या बिहारच्या मुलाने त्रिकोणाच्या बाजूची मोकळी जागा मोजली. बाजू म्हणजे शेजार, म्हणतो."

"मग? शून्य दिलं?"

"दरवेळी देतो," केदार सर म्हणाले. "आज विचारलं, काय मोजलंस रे?" मग खुर्ची ओढून ते बसले. "तुम्ही ते आधी हाताने करून घेता ना, ते मला एकदा दाखवा."